रोजच्या वाटेवरचा इतिहास

गोरेगाव म्हटले की मुंबईकडच्या माणसाला लोकल गाडीचे स्टेशन आठवते. रायगड जिल्ह्यातल्या माणसाला माणगावजवळचे त्याचे गोरेगाव आठवते. मी ज्या गोरेगावाविषयी बोलणार आहे, ते ह्या दोहोंपैकी कोणतेच नव्हे. ते महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर वसले आहे. ते तालुक्याचे गाव आहे. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये मध्ये तलाव आणि बोड्या, आणि थोडे दक्षिणेला सरकले की नागझिऱ्याचे जंगल, असा हा मुलूख आहे.

ह्या भागात बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे तो हमखास विचारतो, "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" मग आपण त्याला सांगतो, नागझिरा आहे, नवेगावबांध आहे, सालेकशाकडे कचारगडच्या गुहा आहेत. तो पुढे विचारतो, "आणि तुमच्या गावात?" त्यावर आपले उत्तर ठरलेले असते, "गावात काही नाही हो. धान आणि तलाव, दुसरे काय असणार!"

हे उत्तर मीही अनेक वर्षे दिले आहे. इतिहास शिकवणे हा माझा व्यवसाय. पानिपत कसे झाले, फ्रान्समध्ये राज्यक्रांती का झाली, हे मी वर्गात तासन् तास सांगत होतो. आणि ज्या पाळीवरून सायकलने रोज जात-येत होतो, ती पाळ कोणी, कधी, कशासाठी बांधली ह्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. रोजची वस्तू दिसेनाशी होते, हा मनाचा धर्मच आहे. घरातले घड्याळ टिकटिक करीत असते, पण ते बंद पडेपर्यंत ऐकू येत नाही. गावाचेही तसेच आहे.

माझे घड्याळ कसे बंद पडले ते सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तलावाच्या पाळीवर संध्याकाळी एक म्हातारेबुवा येऊन बसत. जाताना मी रामराम करी, तेही करीत. एके दिवशी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी रोज या पारीवरून जाता जी. तिनं तुमाले काई सांगतलन का?"

आमच्या झाडीबोलीत पाळीला पार म्हणतात आणि तळ्याला तरा. मी हसलो. म्हटले, "बुवा, माती काय सांगणार?" तेव्हा त्यांनी काठीने एक जागा दाखवली. तिथे पाळ किंचित वाकलेली होती. फार वर्षांपूर्वीच्या एका पुरात ती तिथे फुटली होती. त्यांच्या आजाच्या पिढीने ती पुन्हा बांधली, पण फुटलेल्या जागी खळगा पडलेला, म्हणून त्याला वळसा घालून माती टाकली. ती चिकण माती कोणत्या शेतातून आणली, काम चालू असता किती दिवस गावात चूल उशिरा पेटे, शेंदूर लावलेला दगड तिथेच का बसवला, हे सगळे ते सांगत गेले. मी म्हटले, "बुवा, दिवाळी झाली की वही घेऊन येतो. सगळे लिहून घेतो."

दिवाळी झाली. मग सत्राच्या परीक्षा आल्या, मग उत्तरपत्रिका, मग घरातले एक लग्न. उन्हाळ्यात बुवा गेले. ते किती साली फुटलेल्या पाळीबद्दल बोलत होते, हे आता मला कोणी सांगू शकत नाही. नेपोलियनच्या लढाया मला तारखेनिशी पाठ आहेत.

तेव्हापासून मी ती पाळ पाहू लागलो. त्यातून मला जे थोडेफार कळले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. आपल्या भागात पाऊस काही कमी नाही. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. दुष्काळी तालुक्यातला माणूस हा आकडा ऐकून हेवा करील. मग इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात पूर्वजांनी गावोगाव तलाव खोदण्याचा खटाटोप कशाला केला?

ह्याचे उत्तर धानात आहे. जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि त्या चार महिन्यांतही तो आपल्या सोयीने पडत नाही. पऱ्हे तयार झाले आणि रोवणीला पाणी नाही, असे होते. त्याहून वाईट म्हणजे धान गर्भात असताना, लोंबी भरायच्या वेळी, आश्विनाच्या सुमारास पाऊस पाठ फिरवतो. त्या वेळचे एक पाणी चुकले की चार महिन्यांच्या मेहनतीची तणस होते. भारी धानाला तर ह्या शेवटच्या पाण्याची फार गरज. शिवाय इथल्या जमिनीखाली बऱ्याच ठिकाणी जुना, कठीण खडक आहे. पाणी खोल मुरून साठत नाही, उताराने वाहून वैनगंगेच्या वाटेला लागते. तेव्हा पावसाळ्याचे पाणी वरच्या अंगाला अडवून ठेवायचे आणि ऐनवेळी खालच्या बांध्यांना द्यायचे, हाच एक मार्ग होता. तलाव बांधले गेले ते ह्या एका पाण्यासाठी.

आता ते बांधले कसे पाहा. जमिनीचा उतार हेरून, जिथे दोन बाजूंना चढ आहे तिथे मधल्या सखल भागात मातीची पाळ घातली. पाळीच्या आतल्या अंगाला लाटांनी माती खचू नये म्हणून दगड लावले. पाणी सोडण्यासाठी पाळीत एक दार ठेवले, त्याला तुडुम म्हणतात. तलाव भरून गेल्यावर जादा पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून एका टोकाला सांडवा ठेवला, तो सलंग. सलंगावरून गेलेले पाणी वाया जात नाही. ते खालच्या तलावात किंवा बोडीत जाते, तिथून त्याच्या खालच्या. तेव्हा तुमच्या गावचा तलाव हा सुटा नाही. तो एका माळेतला मणी आहे. हे काम करताना लेव्हलचे यंत्र नव्हते, नकाशा नव्हता. वाहत्या पाण्याकडे चार पावसाळे नीट पाहिले आणि पाळ घातली. पाहणे हीच त्यांची विद्या होती.

ही विद्या कोणाजवळ होती? ह्या बाबतीत पहिले नाव घ्यावे लागते कोहळी समाजाचे. त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे की, चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला असता तिथून त्याने त्यांच्या पूर्वजांना तलाव बांधण्यासाठी बरोबर आणले. कथा ती कथा. पण गोंड राजांच्या आश्रयाने तलावांची कामे झाली आणि ज्याने तलाव बांधला त्याला जमिनीत सवलत मिळाली, असेच आपल्याकडे मानले जाते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी ह्या गृहस्थाने बांधला, असे जुने गॅझेटिअर सांगते. त्याचा विस्तार सुमारे ५ चौरस मैल, म्हणजे १३ चौरस किलोमीटरांच्या आसपास, नोंदलेला आहे. लोकांनी ह्या कोलू पाटलाचा पुढे देव केला. कोलासूर ह्या नावाने तो पुजला जातो. राजांचे पुतळे होतात हे आपण पाहतो. इथे पाणी अडवणाऱ्या माणसाचा देव झाला. ह्या मुलखाने कशाला किंमत दिली ते एवढ्यावरून समजावे.

गोरेगाव, गोंदिया, तिरोडा ह्या उत्तरेकडच्या पट्ट्यात पोवार समाजाची वस्ती दाट आहे. आपण माळव्यातून आलो असे ते मानतात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. धानाची शेती आणि पाण्याची व्यवस्था ह्यांतल्या पोवारांच्या कसबाची वाखाणणी त्यात केलेली आहे. आणि तलावात मासा, शिंगाडा ह्यांवर जगणारा ढीवर समाज. तलावाची नस त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते.

पण इथे इतिहासाच्या माणसाने एक गोष्ट विसरता कामा नये. तलावाला नाव राहते ते पाटलाचे किंवा मालगुजाराचे. डोक्यावरून मातीची टोपली वाहिली ती कोणी? त्यात गोंड होते, महार होते, गोवारी होते, बाया होत्या, पोरे होती. काहींना मजुरी मिळाली असेल, काहींकडून वेठबेगार घेतली गेली असेल. त्यांची नावे कुठल्याही दप्तरात नाहीत. त्यांची सही म्हणजे ती पाळच. म्हणून पाळीवरून चालताना जुन्या दिवसांचे गोडवे तेवढे गाऊ नयेत. तिच्यात घाम आहे हेही ध्यानात ठेवावे.

आता ह्या तलावांना 'मालगुजारी तलाव' हे नाव का पडले ते पाहू. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण केला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना गावाचे मालकी हक्क देण्यात आले. तेच मालगुजार. गावाबरोबर गावचा तलावही त्यांच्या मालकीचा झाला. परंतु गावकऱ्यांचे जुने हक्क होते. जनावरांना पाणी पाजणे, सरपण आणणे, तलावाचे पाणी शेताला घेणे, अशा वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात गावागणिक लिहून ठेवल्या गेल्या. मालगुजार चांगलाही असे, जुलमीही असे. पण तलाव फुटला तर त्याचेही धान बुडे, म्हणून उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीवर माती चढवणे ही कामे तो करवून घेई. गावकरीही येत, कारण पाणी त्यांनाही हवे असे.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. जमीनदारी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. कुळाच्या डोक्यावरचा मालक गेला, हे न्याय्यच झाले. त्याचबरोबर तलाव सरकारजमा झाले. पुढे काही पाटबंधारे खात्याकडे गेले, बरेचसे जिल्हा परिषदेकडे आले. कागदावर ह्यात काही चूक नाही. पण गावाच्या मनात एक बदल झाला. 'मालगुजाराचा तलाव' जाऊन 'आपला तलाव' यायला हवा होता. आला तो 'सरकारचा तलाव'. गाळ कोण काढणार? सरकार. सलंग कोण दुरुस्त करणार? सरकार. आणि सरकारचा साहेब गोंदियाला किंवा नागपूरला. होता होता तलाव उथळ झाले. ज्या तलावात हत्ती बुडेल असे म्हातारे सांगत, त्यात वैशाखात क्रिकेटची खेळपट्टी दिसू लागली. काठाने बेशरमचे झुडूप माजले. पाळीची माती घरे बांधायला गेली, आणि आतल्या सुपीक गाळपेरावर कुठे कुठे अतिक्रमण झाले.

हे एका रात्रीत झाले असते तर गावाने आरडाओरडा केला असता. दरसाल थोडे थोडे झाले आणि आपण रोज तिथूनच जात होतो, म्हणूनच ते दिसले नाही. भोवतालाकडे नव्या नजरेने पाहा, असे मी म्हणतो ते केवळ सौंदर्य पाहावे एवढ्यासाठी नव्हे. सौंदर्य तर आहेच. पण जे आपल्याला दिसत नाही ते आपल्या हातून निसटते, हा त्यातला खरा मुद्दा आहे.

आता तलावाची पाळ सोडून थोडे गावात येऊ. गावांची नावेच घ्या. मोहाडी, मोहगाव ही नावे मोहाच्या झाडाची आठवण देतात. आमगाव, चिचगड ह्यांतली आंबा आणि चिंच आपण न सांगता ओळखतो. टोला किंवा टोली म्हणजे मूळ गावातून फुटून वसलेली लहान वस्ती. तेव्हा एखाद्या टोल्याचे नाव ऐकले की त्याचे आईगाव कोणते, लोक तिथून का उठून आले, हा इतिहासाचाच प्रश्न झाला. गोरेगाव तालुक्यात गिधाडी नावाचे गाव आहे. ते नाव कानावर पडले की मनात पक्षी येतो, आणि मग आजच्या पोराला विचारावेसे वाटते, "बाळ, तू गिधाड पाहिले आहेस का?" बहुतेक पोरे नाही म्हणतात. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामक औषधामुळे १९९० नंतरच्या काळात देशातली गिधाडे झपाट्याने मेली. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते औषध त्यांच्या पोटात जाई. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. ज्यांच्या डोक्यावर ती रोज घिरट्या घालीत, अशा आपल्यापैकी किती जणांना ती नाहीशी झाल्याचे त्या वेळी जाणवले?

आपल्या पडवीत बसलेल्या माणसाचा पत्तासुद्धा इतिहासच सांगतो. १९४९ साली इथल्या घरी पत्र आले तर त्यावर मध्य प्रांत व वऱ्हाड असे लिहिलेले असे. १९५० पासून ते घर मध्य प्रदेशात गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जिल्हा मात्र भंडारा होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि पत्ता पुन्हा बदलला. आजोबा जागचे हलले नाहीत, पण त्यांचे राज्य तीनदा आणि जिल्हा एकदा बदलला. राज्य पुनर्रचनेचा धडा मुलांना रुक्ष वाटतो. तोच धडा घरातल्या जुन्या पेटीतल्या पत्रांवरून शिकवून पाहा.

नव्या नजरेने पाहणे म्हणजे काय, ह्याची तीन उदाहरणे देतो. पहिले आहे एका बादशहाचे. मोगल बादशहा जहांगीर ह्याने सारसाची एक जोडी पाळली होती. त्यांची नावे त्याने ठेवली होती लैला आणि मजनू. एके पहाटे सेवकाने वर्दी दिली तेव्हा हा बादशहा त्या पक्ष्यांचे वर्तन पाहायला लगबगीने गेला. नर-मादी अंड्यांवर आळीपाळीने कशी बसतात, हे त्याने बारकाईने पाहिले, दिवस मोजले आणि आपल्या आठवणींच्या ग्रंथात लिहून ठेवले. तख्त, खजिना, फौज सगळे काही असलेल्या माणसाला पाहण्यासारखी वाटलेली ही वस्तू आपल्या बांधीत फुकट चालत येते. महाराष्ट्रात सारस आज जवळजवळ ह्या गोंदिया परिसरापुरता उरला आहे, आणि तोही मोजकाच. तो धानाच्या बांधीत, तलावाच्या काठाला घरटे करतो. त्याची दरवर्षी गणना होते आणि त्याच्या रक्षणाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणताना मागे बांधीत सारस उभा असला तर काय म्हणावे!

दुसरे उदाहरण मारुती चितमपल्ली ह्यांचे. वनखात्याचे अधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले. बदलीचे ठिकाण म्हणून दिवस मोजायचे ते त्यांनी केले नाही. तिथल्या आदिवासींकडून, ढीवरांकडून, जुन्या जाणकारांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे विचारून घेतली आणि ती मराठीत आणली. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचे पुस्तक त्या मुक्कामाचे फळ होय. २०२५ साली ते गेले. आपण ज्यांना अडाणी म्हणतो त्यांच्या तोंडचे शब्द त्यांनी कोशात नेऊन बसवले.

तिसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे. जन्म गोव्यातला, १९०७ चा, विषय गणित. पण हे गणिती पुण्यात आपल्या घराजवळच्या टेकड्यांवर फिरायला जात आणि खाली पाहत चालत. त्यांना तिथे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. शेंदूर फासलेले देव, आडवाटेवरच्या देवी, धनगरांच्या वाटा ह्यांवरून त्यांनी जुन्या समाजाचा माग काढला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' ह्या ग्रंथात ह्या पायी हिंडण्याचे फळ पाहायला मिळते. इतिहास कागदात असतो तितकाच पायाखाली असतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्यांच्या भागात ताम्रपट आणि बखरी थोड्या, त्यांना तर ही रीत फारच उपयोगाची.

शिक्षक मित्रहो, आता थोडे तुमच्याशी. हे सगळे करायला अनुदान लागत नाही, फक्त एक वही लागते. वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत: पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले. ही तीन एकमेकांत मिसळू देऊ नयेत. 'तलाव पांडवांनी एका रात्रीत बांधला' हे ऐकलेल्यात लिहावे, आदराने लिहावे, पण वाचलेल्यात ढकलू नये. गावाचा अभिमान खोट्या जुनेपणावर उभा करू नये. तलाव दीडशे वर्षांचा असला तरी त्याला कमीपणा नाही.

पहिल्या रकान्यासाठी मुलांना एकदा पाळीवर न्यावे. पाळ किती पावलांची आहे ते त्यांनी मोजावे. तुडुम कुठे, सलंग कुठे, सलंगाचे पाणी पुढे कोणत्या गावाला जाते, पाळीवर कोणती झाडे आहेत, ते त्यांनीच काढावे. काठाला देवधान आहे की नुसतेच बेशरम आहे, तेही लिहावे. दुसऱ्या रकान्यासाठी प्रत्येकाने घरातल्या थोरांना विचारावे. शेतांना नावे असतात. ती नावे का पडली? गावाच्या नावात 'पार' आहे, तर ती कसली पार? जिथल्या गोष्टी आहेत तिथल्याच बोलीत त्या लिहू द्याव्यात. 'पाळ' लिही, 'पार' लिहू नकोस, असे म्हणून वहीतला जीव काढून घेऊ नये. आणि हे काम दिवाळीनंतर करू असे म्हणू नये. त्याचा अनुभव मी सांगितलाच.

तिसऱ्या रकान्यासाठी तलाठ्याकडे चौकशी करावी. मालगुजारी गेल्यावर गावकऱ्यांच्या वहिवाटीचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. कोणत्या तळ्याचे पाणी कशासाठी, चराई कुठे, वाट कोणती, हे त्यात सापडते. आपल्या गावचे निस्तार पत्रक ग्रामसभेत एकदा वाचून दाखवले, तरी इतिहासाचा आणि नागरिकशास्त्राचा असे दोन्ही तास एकदम होतील. आपला हक्क कोणता हेच ठाऊक नसलेले गाव तो मागणार कसा?

हे नुसते वहीत राहते असे समजू नका. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढीवर समाजातल्या बायाबापड्यांनी तलावांत उतरून बेशरम उपटली, गावठी पाणवनस्पती लावल्या, आणि नाहीसे होत चाललेले गावठी मासे पुन्हा दिसू लागले. त्यांना तलाव दिसत होता, म्हणून त्यातून काय गेले हेही दिसले. सरकारनेही २०१७ साली तलावातला गाळ शेतात नेण्याची योजना काढली. योजना येतात आणि जातात. पण गाळ कुठे साचला आहे हे सांगायला गावात पाहणारी माणसे लागतात.

मागच्या पावसाळ्यात आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन एका सलंगावरून निघालेल्या पाण्याच्या कडेकडेने चालत गेलो. चिखल होता, दोघांच्या चपला रुतल्या, हसणेखिदळणे चालले होते. पाणी एका बोडीत गेले, तिथून दुसऱ्या तलावात, आणि शेवटी एका बांधीपाशी येऊन पोचले. आमच्यातली एक मुलगी तिथे एकदम थांबली. ती बांधी तिच्या घरची होती. लहानपणापासून तिथे रोवणी केलेली, पण पाणी इतक्या लांबून येते हे तिला माहीत नव्हते. जरा वेळाने ती म्हणाली, "म्हणजे सर, वरच्या गावाने गाळ नाही काढला तर आमच्या धानाला पाणी नाही. आणि आमच्या खालीही कुणीतरी असेलच की."

मी तिला होय एवढेच म्हटले.

आता कोणी पाहुणा आला आणि तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे असे त्याने विचारले, तर मी त्याला पाळीवर घेऊन जातो. जिथे ती वाकली आहे तिथे थांबतो, आणि बुवांनी मला जे सांगितले त्यातले आठवते तेवढे सांगतो. तुम्हीही उद्या सकाळी शेताला किंवा शाळेला जाल तेव्हा रोजच्याच वाटेने जा. फक्त एका ठिकाणी थांबा आणि विचारा, हे इथे कोणी ठेवले? उत्तर माहीत असलेला माणूस गावात अजून असेल, तर त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जा.